कडजाईचं कवच

गेल्या हिवाळ्यात भोरला जुन्या मूर्तींचं आणि वीरगळांचं प्रदर्शन भरलं होतं. ते बघायला मी पानशेतहून मुद्दाम गेले. हॉटेल दिवसभर सुनेवर टाकून गेले, यावरूनच काय ते समजा. तिथं आमच्या वस्तीवरच्या दगडाचा दाराएवढा फोटो लावला होता आणि खाली छापलं होतं, 'शेंदराचा जाड थर काढल्यानंतर मूळ शिल्प स्पष्ट झाले.' त्या थरात माझी आई होती. मी तिथल्या मुलीला म्हटलं, हे वाक्य बदल. पोर गोड होती. "आजी, तुम्ही अभिप्रायाच्या वहीत लिहा ना," म्हणाली आणि वही पुढं केली. वहीत माणसागणिक दोन ओळी आखलेल्या होत्या. मी तिच्यावर ओरडले. तिचा काही दोष नव्हता, तरी ओरडले, आणि एसटी धरून परत आले. त्या दोन ओळींत जे मावलं नसतं ते इथं लिहिते आहे.

आमची वस्ती गुंजवणे गावाच्या वर, दीड तासाच्या चढणीवर. सात घरं, सगळी मेंढरं-शेरडांची. तेव्हा खाली धरणाचं पाणी नव्हतं, भातखाचरं होती, आणि आमच्या अंगणातून बघितलं की खालची माणसं चिखलात वाकलेली दिसायची. आमच्याकडं भात सणाला. एरवी नाचणीची भाकरी, कण्यांची पेज, ताक, आणि थंडीत उकडलेले करांद्याचे कंद. शेळी व्याली की खरवस, तो मात्र सातही घरांत वाटायचा. पहाटे आधी कोकरं ओरडायची, मग धोंडाकाकूच्या रवीचा आवाज यायचा, मग आबांचा, माझ्या वडलांचा, खोकला. धोंडाकाकू म्हणजे माझी चुलती. आई गेल्यावर तिनंच आमचं बघितलं. रवी थांबली की लोणी आलं हे मला अंथरुणात कळायचं, आणि काकू माझ्या नावानं हाक मारायच्या आत मी बोट घेऊन हजर असायची. "आलं बघा गिऱ्हाईक," ती म्हणायची. "फुकटचं!"

वस्तीच्या मागं कडा आणि कड्याच्या पायाशी कडजाई. छप्पर नाही, भिंत नाही, नुसती उभी. कमरेएवढी उंच, शेंदरानं इतकी माखलेली की अंगाला कुठं कोपरा राहिला नव्हता. चांदीचे दोन डोळे, एक नथ. बाकी सगळा गोल, भगवा मऊपणा. चैत्रात प्रत्येक घरानं तेल-शेंदूर द्यायचा आणि आबांनी चढवायचा, कारण पूजेचा मान आमच्या घराकडं. पण खरी रीत वेगळीच होती. ती मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. वस्तीवरची बाई मेली की तेराव्या दिवशी तिच्या करंड्यातलं कुंकू शेंदरात कालवायचं आणि घरच्या प्रत्येकानं अंगठ्यानं ते आईच्या, म्हणजे कडजाईच्या, अंगाला लावायचं. विधवा असली तरी तिचा जुना करंडा जपून ठेवलेला असायचा, त्याच दिवसासाठी. आमच्यात म्हणत, बाई मरत नाही, आईत जाते. माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तिचं कुंकू मी कडजाईच्या डाव्या गालावर लावलं, कारण मोठ्यांच्या गर्दीतून माझा हात तिथवरच पोचला. आईचा फोटो आमच्याकडं नव्हता. कुणी काढलाच नव्हता. आबा सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तिथं जायचे आणि त्या गालावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. काय बोलायचे ते मी कधी ऐकलं नाही. ऐकायला जाऊ नये एवढी अक्कल मला होती.

मला जी दुसरी अक्कल होती, ती बाजाराची. वेल्ह्याच्या बाजाराला आबा मला लहानपणापासून न्यायचे. तिथं व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करत. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा आणि रुमालाखाली बोटांची मारामारी. चौदाव्या वर्षी मी रुमालाखाली हात घातला तेव्हा व्यापारी हसला होता. उठताना हसत नव्हता. आबा भिडस्त, कुणी 'राहू द्या की' म्हटलं की राहू देणारे. मी राहू देत नसे. शेळी विकली की तिचं दावं सोडून घ्यायचं, दावं गेलं तर दावण ओस पडते, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. मी तर गिऱ्हाईक चार पावलं गेल्यावरही मागं धावून दावं आणलेलं आहे. काही द्यायचं तर बदल्यात काही हाताला लागलं पाहिजे, हा माझा धर्म. आजही आहे. याच धर्मावर मी पुढं हॉटेल उभं केलं.

मी सतरा वर्षांची असताना पुण्याचे सर आले. कॉलेजात शिकवायचे आणि गावोगावचे जुने देव, दगड, शिलालेख शोधत फिरायचे. बरोबर त्यांची विद्यार्थिनी नलूताई, पॅन्ट घालणारी, आमच्या बायका तिच्याकडं टकामका बघायच्या. सरांनी लांबूनच चपला काढून कडजाईला नमस्कार केला, हे मी मोजून घेतलं. मग मागच्या बाजूला जाऊन त्यांनी आबांना बोलावलं. पाठीमागं कवचाला भेग गेली होती, दोन बोटं आत जातील एवढी, आणि भेगेत दगडावर कोरलेला गाईचा खूर दिसत होता.

"पाणी जातंय आत," सर म्हणाले. "आणखी दोन पावसाळे. मग हे आपोआप गळून पडेल, आणि दगडाचा पापुद्राही घेऊन जाईल. आत्ता नीट काढलं तर आतलं शिल्प वाचेल. सहा-सातशे वर्षं जुनं असावं."

तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "भागे, कवच आपसूक पडलं तर लई वंगाळ. त्ये काडायचंच असंल तर मानानं निगू दे. तू बोल त्यांच्याशी. तुला बोलायचं कळतं."

मी बोलले. काय बोलले म्हणून सांगू! दगड जागेवरून एक बोट हलायचा नाही. जे काय सापडेल ते पुण्यात दाखवायच्या आधी गुंजवण्याच्या शाळेत आम्हाला दाखवायचं आणि आम्हाला समजेल असं सांगायचं. पुस्तकात आबांचं नाव आणि वस्तीचं नाव यायला पाहिजे, नुसतं 'स्थानिक' म्हणायचं नाही. दगडाला हातभर जागा सोडून भोवती पक्का ओटा आणि वर पत्र्याचं छप्पर. सरांनी ओट्याला मान हलवली, छपराला जरा थांबले, मग तिथंही हलवली. "वकील व्हा तुम्ही," म्हणाले. मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिले पुरुष. मी इतकी फुगले की आठवडाभर काकू मला "वकीलसायेब, शेण काडा" म्हणत होती.

कवच काढायला तीन दिवस लागले. लोखंड लावायचं नाही, म्हणून बांबूच्या काड्या आणि कोमट तेल. पहिल्या दिवशी काकूनं डोळे आणि नथ काढून पदरात बांधली. आबा जवळ उभे होते. नलूताईची काडी डाव्या गालापाशी आली तेव्हा म्हणाले, "मेंढरं पाण्यावर न्यायचीत," आणि गेले. मेंढरं तासापूर्वीच पाणी पिऊन आली होती. माझ्या ते लक्षात आलं, आणि मी त्याचा विचार केला नाही. मला आत काय आहे ते बघायचं होतं.

कवच भाकरीच्या पोपड्यासारखं सुटत होतं. वीतभर तुकडा सुटला की त्याच्या कडेला कांद्यासारखे पदर दिसायचे, तांबडा, काळपट, भगवा, परत तांबडा. "बघ," नलूताई म्हणाली, "यात किती पिढ्यांचा शेंदूर असेल!" तिनं चार तुकडे कापसात गुंडाळले, पाकिटात घातले, वर आकडे घातले. बाकीचं एका खताच्या पोत्यात भरलं. मी स्वतः ते पोतं धरून होते. तोंड उघडून धरलं होतं आणि मान दगडाकडं वळवली होती.

दगड तीन मजल्यांचा होता. खाली एक माणूस मरून पडलेला, त्याच्याभोवती गाई, आणि भाले घेतलेली माणसं. मधे त्याच माणसाला दोन स्त्रिया हात धरून वर नेताहेत. अगदी वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय, आणि टोकाला चंद्र-सूर्य. सरांचे डोळे भरून आले. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना मेला, गावानं त्याचा दगड उभा केला, असं त्यांनी मला सांगितलं. मी त्या गाईंची शिंगं बोटानं चाचपली. इतकं बारीक काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

पुढच्या आठवड्यात वेल्ह्याचा मिस्त्री आला. पत्रे आणि सिमेंट डोक्यावरून वर चढवलं होतं. ओटा किती उंच, यावरून मी त्याच्याशी हुज्जत घालत होते, कारण ठरला होता दोन फूट आणि तो दीडवर थांबायला बघत होता. म्हणाला, भराव कमी पडतोय. मी म्हटलं, दगड काय कमी आहेत डोंगरात? त्याचं लक्ष कड्याला टेकवलेल्या पोत्याकडं गेलं.

"ह्ये रिकामं करू का त्यात?"

"कर," मी म्हटलं. "पर पोतं मला माघारी दे. चांगलं हाय."

त्यानं पोतं झटकून मला दिलं. मी घडी घालून काखेत मारलं आणि परत दोन फुटांवर आले.

संध्याकाळी आबा आले, छपराकडं बघून हसले, पत्र्यावर हात मारून बघितला. मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "कवच कुठं ठिवलंय गं?"

तेव्हा मला कळलं. सिमेंट अजून ओलं होतं. नुसत्या हातांनी उकरलं असतं तरी निघालं असतं. मी म्हटलं, "सरांनी नेलं पुण्याला. तपासून जपून ठेवणार हायत." आबा म्हणाले, "बरं क्येलंस. माणूस चांगला हाय." सकाळी उकरू असं ठरवून मी झोपले, आणि सकाळी ओटा खणखण वाजत होता.

महिन्यानं सर शब्द पाळायला आले. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता, भिंतीवर धोतराचा पडदा, आणि यंत्रातून एकेक चित्र पडद्यावर पडायचं. सातही घरं उतरून आली होती, खालचं गावही होतं. मी अनेक शिकलेल्यांची भाषणं ऐकली आहेत, पण तसं सोपं कुणी सांगितलं नाही. हा दगड काय बोलतो ते त्यांनी खालून वर, एकेक मजला चढत सांगितलं. पहिल्या चित्राआधी आबांचं नाव घेतलं. आबा पहिल्या रांगेत, मांडी घालून, फेटा नवा.

सांगून झालं तसं मागून बबनदादा ओरडला. खालचा गोठेवाला, आमच्या मेंढरांच्या वाटेवरून आबांशी त्याचं कायमचं वाकडं. "काय आबा! जल्मभर आई आई करून मिशीवाल्याच्या पाया पडलास व्हय रं!"

शाळा हसली. आबा सावकाश मागं वळले. "ढोरांसाठी जीव दिला ना त्यानं?" म्हणाले. "मग आईच की त्यो. तू देशील का?" आता शाळा बबनदादाला हसली. सरांनी घाईनं वही काढून ते वाक्य लिहून घेतलं.

"आणखी कुणाला काही विचारायचंय?" त्यांनी विचारलं. "विचारा, विचारा."

आबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "सर, समदं झाक झालं. फकस्त आमचं कवच कवा माघारी देता? चैताच्या आदी मिळालं तर बरं. डाव्या गालाचा तुकडा मला वळखाया येईल."

सरांना कळेना. "आम्ही चार नमुने नेलेत, तपासणीसाठी," ते म्हणाले. "बाकी सगळं इथंच ठेवलं होतं. पोत्यात. नाही का?"

आबा माझ्याकडं वळले. रागानं नव्हे. "भागे?" एवढंच.

सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ओट्यात गेलं. भरावात."

धोंडाकाकूनं तोंडात पदर कोंबला. तिची सासू त्यात होती, लेक होती. सातही घरांतून एकेक आवाज आला, लहानसा, काटा रुतल्यासारखा. बबनदादानं डोक्यावरची टोपी काढली. पडद्यावर तो वीर तसाच पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि यंत्राचा पंखा घरघरत होता. आबा उठले. फेटा दाराच्या चौकटीला लागून सुटला, तो त्यांनी बांधला नाही. हातात घेऊन चढणीला लागले.

मी सरांना जीपपाशी गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. एवढं शिकलात, सातशे वर्षांमागं मेलेल्याची चौकशी करता, आत्ता कालपरवा मेलेल्यांची करता येत नव्हती? हे काय काढतोय, कुणाचं आहे, एकदा विचारायला काय जीभ झिजली असती? सर हळू म्हणाले, "भागूबाई, तुम्ही सगळं विचारलंत. एवढंच विचारलं नाहीत."

त्यांना ते टोचून बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते वाक्य मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. सर आता नाहीत. म्हणजे आता करून तरी काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन ओट्यावर गेले होते. आबांनी पहार काढून घेतली. "सिमिटात कालावलंय," म्हणाले. "काय निवडशील?" त्यानंतर आमच्या वस्तीतलं कुणीही ओट्यावर चढलं नाही. चैत्रात सातही घरं खाली उभी राहून हात जोडायची, कारण पायाखाली कोण आहे ते आम्हाला ठाऊक होतं. आता राजगडला येणारी पोरं तिकडंही वळतात. छपराखाली बुटांसकट बसून मोबाईलवर फोटो काढतात, डबे खातात. दोन-तीनदा मी शिव्या देऊन उठवलं. त्यांना वाटतं म्हातारी वेडी आहे. तिथं फलक आहे, त्यावर वीरगळ म्हणजे काय ते उत्तम मराठीत लिहिलंय. ओट्याबद्दल काही नाही.

शाळेतल्या त्या दिवसानंतर वर्षभरानं सर एकटेच चढून आले. धापा टाकत अंगणात बसले आणि पिशवीतून एक पुठ्ठ्याची डबी काढली. चारपैकी तीन तुकड्यांची तपासणीसाठी पूड झाली होती. चौथा त्यांनी राखला होता. कापसातून काढून त्यांनी तो आबांपुढं धरला. हाताच्या पंजाएवढा, कडेला पदर दिसणारा, एका टोकाला नलूताईचा बारीक आकडा.

आबांनी तो घेतला, उन्हात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. बराच वेळ वास घेत राहिले. मी उंबऱ्यात उभी होते.

"सर," आबा म्हणाले, "ह्यात बाया किती, त्ये कळतं का तुमच्या तपासात?"

"थर कळतात," सर म्हणाले. "बायका नाही कळत."

"म्हंजे ह्यातली माजी कंची..."

"नाही कळणार, आबा."

आबांनी मान हलवली, जनावराचा दोष खराखुरा सांगणाऱ्या माणसाकडं बघून हलवावी तशी. तुकडा कापसात ठेवला, डबी मिटली आणि सरांच्या हातात परत दिली. "मग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. तुमी आकडा तरी घातलाय."

सरांनी डबी माझ्याकडं केली. मी उंबऱ्यातून पुढं झाले, हात पुढं केला. मला तो हवा होता. कुणाचा का असेना, हवा होता.

"तिच्या हातात नगा देऊ, सर," आबा म्हणाले.

ओरडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते मऊ आवाजात म्हणाले, तान्ह्या कोकराला कुठं ठेवू नये ते सांगावं तसं. मी हात मागं घेतला आणि सरांसाठी ताक आणायला आत गेले.